आमच्या टाकावरचा माणूस

पणजोबांच्या पदकाचा विषय निघाला की मी कुकर लावायला उठायचे. पणजोबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे. ते मद्रासकडे एका वेधशाळेत इंग्रज साहेबाच्या हाताखाली ताऱ्यांच्या जागा मोजायचे आणि त्याबद्दल त्यांना विलायतेहून चांदीचं पदक आलं होतं, असं सासरे सांगायचे. सासऱ्यांना घरात आम्ही सगळे अण्णा म्हणतो. पदक मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं. घरं बदलताना कुठेतरी गेलं, एवढीच माहिती.

मध्यंतरी इथल्या एका विज्ञान केंद्रात एकोणिसाव्या शतकातले खगोलशास्त्रज्ञ आणि त्यांना मिळालेले मानसन्मान यावर प्रदर्शन भरणार, असं अण्णांनी वाचलं. पणजोबांचं नाव त्या भिंतीवर लागलंच पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. नव्वदीला टेकलेल्या माणसाला आमच्या एचएसआर भागातल्या ट्रॅफिकमधून नेण्यापेक्षा मी एकटीच गेले.

तिथल्या बाई भल्या होत्या. पुरावा आणा, नाव लावू, म्हणाल्या. त्या काळची पदकं कशी असायची म्हणून एक फोटोही दाखवला. चांदीचा गोल, त्यावर लांब केसांच्या कुणा जुन्या इंग्रज शास्त्रज्ञाचा बाजूने दिसणारा चेहरा.

तो चेहरा मी रोज पाहत होते. आमच्या देवघरात खंडोबा आणि भवानीच्या टाकांशेजारी तो मूळपुरुष म्हणून बसलेला आहे. बाकीच्या टाकांपेक्षा जरा जाड, एवढाच फरक. सासूबाईंनी मला लग्नानंतर सांगितलं होतं, हे घराण्याचे पहिले पुरुष, यांना आधी गंध. तसं मी लावत आले.

घरी येऊन टाकाला भिंग लावलं. कडेला नाव कोरलेलं असतं आणि मागच्या बाजूला दुर्बीण, असं बाई म्हणाल्या होत्या. असेलही. पण पिढ्यान्‌पिढ्यांचा अभिषेक आणि सणासुदीला चिंचेची घासणी, यात कड गुळगुळीत झालेली. मागे दुर्बीण होती की समई, तेही कळेना.

अण्णांना हे कसं सांगावं ते सुचेना, म्हणून सरळ सांगितलं. पदक सापडलं, पण आपला मूळपुरुष इंग्रज निघाला.

ते हसले. मग हसू ओसरलं. "नाव कुणाचं आहे त्यावर?"

"होतं की नव्हतं तेच कळत नाही, अण्णा. सगळं झिजलंय."

"म्हणजे पूजा करकरून आपणच त्यांचं नाव पुसलं?"

"त्यांचं किंवा साहेबाचं," बोम्मसंद्र्याहून नुकताच कामावरून आलेला माझा नवरा बूट काढता काढता म्हणाला. विलायतेला परतणारा साहेब चाकराला जुना कोट देईल, पदक कशाला देईल, असं मी म्हटलं. पण त्याची तरी मला कुठे खात्री होती?

बाईंना फोन केला. पदक आनंदाने मांडू, पण नाव नसेल तर खाली 'मानकरी अज्ञात' लिहावं लागेल, असं त्या म्हणाल्या. अण्णा त्यावर दोन दिवस कुढत बसले. मध्येच विचारलं, काचेच्या पेटीत त्यांच्या नैवेद्याचं काय? एवढ्या वर्षांत पुरणपोळीची सवय झाली असेल खरी, मी म्हटलं. या वेळी ते हसले नाहीत.

शेवटी म्हणाले, "अज्ञात म्हणून तिथे नको. इथे आपला कुणीतरी म्हणून तरी आहे."

"कुणीतरी म्हणजे कोण, अण्णा?"

"ते मला विचारू नकोस."

प्रदर्शन लागलं आणि उठलं. अण्णा पाहायला गेले नाहीत. टाकाला आता पाणी घालायचं नाही, कोरड्या फडक्याने टिपायचं, असा त्यांचा हुकूम आहे. उरलंसुरलं जाऊ नये म्हणून. उरलेलं काही दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. पूजेला आलेल्या भटजींनी, यांनाच आंघोळ का नाही, असं विचारलं, तेव्हा अण्णांनी "स्वल्प सर्दी आहे" असं सांगून वेळ मारून नेली.

गंध मी अजूनही त्यालाच आधी लावते. बोट कपाळाशी जाऊन क्षणभर अडतं. पण दुसरं काय करायचं, ते कुणीच सांगत नाही.