क्लिअर आलंय

घाटकोपरला, भटवाडीचा उतार संपतो तिथे एका इमारतीच्या तळमजल्यावर एमआरआयचं सेंटर आहे. तिथे सुगंधा राऊळ माणसांच्या अंगावरचं लोखंड उतरवते. कागदावर तिला मदतनीस म्हणतात, पण काम हेच. आतलं मशीन म्हणजे एक भलंमोठं चुंबक, आणि ते कधी बंद नसतं. रविवारी नाही, दिवाळीत नाही, वीज गेली तरी नाही. खिशात किल्ली राहिली, केसात चाप राहिला, की ते ओढून घेतं. म्हणून आत जाणाऱ्याने आधी सुगंधाच्या हाताखालून जायचं.

पुरुषांचं काय, घड्याळ काढलं, पट्टा काढला की झाले मोकळे. खरी कसोटी बायकांची. जोडवी बोटात रुतलेली असतात, नथीची फिरकी फिरत नाही, आणि मंगळसूत्राला हात लावला की भल्याभल्या शिकलेल्या बायकाही मागे सरतात. "सोनं कुठे चिकटतं?" असं वर विचारतात. सोनं नाही चिकटत, पण काळे मणी कसल्या तारेत ओवलेत हे त्या सोनाराला ठाऊक. सुगंधा वाद घालायची नाही. तिच्याजवळ एक डबा होता, त्यात हळदीत भिजवून वाळवलेले दोरे, आणि प्रत्येक दोऱ्याला एक हळकुंड. मंगळसूत्र तुटलं तर ते परत ओवून येईपर्यंत कोकणात बाई गळा ओका ठेवत नाही, हळकुंड बांधते. तीच रीत सुगंधाने इथे चालवली.

"हे घाल बाय. बाहेर आलीस की तुझं तुला," ती म्हणायची, आणि स्वतःच्या हाताने मानेमागे गाठ मारायची.

मोठे डॉक्टर आधी हसले. मग बायका रुसून वेळ घालवत नाहीत हे बघून गप्प बसले. सुगंधा स्वतःही कामावर तसलाच दोरा घालायची. पुढे घरीही तोच राहिला आणि सोन्याचं मंगळसूत्र कपाटात गेलं.

मशीन चालवायचा नेव्हिल. मरोळच्या गावठाणातला ईस्ट इंडियन ख्रिस्ती पोरगा, सुगंधाच्या मुलीच्या, मानसीच्या वयाचा. नाताळात आईने तळलेले मैद्याचे फुगे डबाभर घेऊन यायचा आणि त्यातले निम्मे सुगंधाला द्यायचा. चुंबक बंद का होत नाही, हे त्यानेच तिला एकदा समजावलं होतं.

"मावशी, आतली तार हेलियममध्ये बुडवलेली असते. इतकी थंडी, की तार विजेला अडवायचंच सोडून देते. एकदा वीज सोडली ना, की फिरतच राहते. कोणी ढकलायला नको."

"म्हणजे आमच्या ह्यांच्या तोंडासारखं," सुगंधा म्हणाली होती, आणि दोघं पोट धरून हसले होते.

तिचे हे म्हणजे बाळा राऊळ, बेस्टचे कंडक्टर. आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसवर होते. माणूस असा बोलका, की दूधवाले, तबेल्यातले भय्ये, पाड्यांवरच्या म्हाताऱ्या, सगळ्यांची खबर त्यांच्याजवळ. घरी आले की हातपाय धुवायच्या आधी गजाली सुरू. सुगंधा तक्रार करायची आणि ऐकायची. ऐकल्याशिवाय तिला जेवण जात नसे.

आता नेव्हिलची एक सवय सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आलं. तपासणी संपली की तो दार उघडायचा आणि बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना सांगायचा, "क्लिअर आलंय." त्याला म्हणायचं असायचं, की माणूस आत हलला नाही, फोटो स्वच्छ निघाले. पण नातेवाइकांना ते कसं कळावं? कोणी हात जोडायचं, कोणी तिथेच रडायला लागायचं, कोणी फोन लावून गावाला कळवायचं, की सगळं क्लिअर आहे. मग सुगंधा पुढे व्हायची. "अहो, फोटो क्लिअर. आजाराचं डॉक्टर सांगतील. रिपोर्ट यायचाय अजून." त्यांचे चेहरे उतरायचे, ते तिलाच बघवायचे नाहीत. नंतर ती नेव्हिलला म्हणायची, की लोकांना जे हवं असतं तेच ऐकू येतं रे. त्या म्हणण्यात थोडा तोराही असायचा. आपण त्यातल्या नाही, असा.

मग बाळांनी एक दिवस बसमध्ये तिकिटाच्या जागी भलतंच नाव घेतलं. "भाकरी घ्या, भाकरी," असं म्हणत ते पुढे सरकले आणि सगळी बस हसली. घरी येऊन ही गंमत त्यांनीच सांगितली, नक्कल करून. सुगंधाही हसली. पुढच्या आठवड्यात त्यांनी मिठाला आयतवार म्हटलं, मानसीला स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारली, आणि एका संध्याकाळी पाण्याचा तांब्या हातात धरून त्याचं नाव शोधत उभे राहिले. तेव्हा कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय लिहून दिला.

सुगंधाने नवऱ्याचा पट्टा, घड्याळ आणि गळ्यातला देवाचा गंडा स्वतःच्या हाताने काढला. गंड्यात धातू नव्हता, पण तिने काही म्हणजे काही ठेवलं नाही. बाळा झोपून आत गेले. मशीन ठोके द्यायला लागलं. रोज ऐकलेले ते ठोके, पण त्या दिवशी ती बाहेर नातेवाइकांच्या बाकड्यावर बसली होती, आणि तिथे ते वेगळेच ऐकू येतात.

दार उघडलं. नेव्हिल समोर उभा होता.

"मावशी," तो म्हणाला. "क्लिअर आलंय. एकदम क्लिअर."

आणि सुगंधाने हात जोडले. जगाला शिकवणाऱ्या त्या बाईने बाकड्यावरून उठून त्या पोराच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. आत धावत जाऊन ती नवऱ्याला म्हणाली, "क्लिअर इला. ऐकलात? क्लिअर इला."

"मगे? मी तुका काय सांगी होतंय?" बाळा म्हणाले.

नेव्हिल जागच्या जागी उभा होता, हे तिने पाहिलं होतं. त्याचा अर्थ तिने लावला नाही.

घरी कोंबडी-वडे झाले. बाळांनी देवापुढे नारळ ठेवला आणि गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माझा डोक्या क्लिअर करून दिलंस, तसाच सगळ्यांचा क्लिअर कर रे म्हाराजा." मागे उभ्या असलेल्या मायलेकींनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. तो शब्द बाळांना फार आवडला. भजनी मंडळात सांगितलं, क्लिअर. शेजाऱ्याला सांगितलं, क्लिअर. वडा नीट फुगला तरी क्लिअर.

रिपोर्ट आला. डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागी गाठ होती. डॉक्टरांनी सुगंधाला एकटीला आत बोलावून सांगितलं आणि पुढची तपासणी लिहून दिली, स्पेक्ट्रोस्कोपी. ती त्याच मशीनवर होते. तिच्यात चित्र दिसत नाही, गाठ कसल्या रसायनांची बनली आहे ते कळतं. पडद्यावर एक रेघ उमटते, चढउतारांची. नेव्हिल त्यांना डोंगर म्हणायचा. निरोगी मेंदूत उजवीकडचा डोंगर उंच असतो. वाईट गाठ असली की तो खचतो आणि डावीकडचा वर चढतो. एवढं सुगंधाला त्याच्याकडूनच माहीत होतं, आणि माहीत नसतं तर बरं झालं असतं.

ती थेट नेव्हिलकडे गेली. "क्लिअर म्हणालास ना रे?"

नेव्हिलचे डोळे भरले. "मावशी, मी बघितलं होतं गं. दार उघडलं तर समोर तू. मला दुसरं काही सुचलंच नाही. रोजचं आहे तेच तोंडातून निघालं."

तिला त्याला मारावंसं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की मारायचंच असेल तर स्वतःला मारायला हवं. पोराने खोटं एक अक्षर सांगितलं नव्हतं. फोटो क्लिअर होते. गाठ त्यांत स्वच्छ दिसत होती.

दुसऱ्या तपासणीला नेलं तेव्हा बाळांनी विचारलं, "परत कित्याक गो?"

सांगायची वेळ तीच होती. सुगंधाला ते कळत होतं. बोलायची जागाच कुरतडली जाते आहे, तेव्हा जे काय सांगायचं-विचारायचं ते या माणसाजवळ शब्द आहेत तोवरच. पण समोर तो कोंबडी-वड्यांच्या दिवसाचा चेहरा होता. ती म्हणाली, "फोटो हललो होतो."

"मी नाय हललंय," बाळा म्हणाले. जरा दुखावलेच.

काचेतून तिने पडदा पाहिला. डावीकडचा डोंगर वर चढला होता. नेव्हिलने मान वर केली नाही.

पुढे ऑपरेशन झालं, किरणं देऊन झाली. प्रत्येक वेळी सुगंधाने सूज उतरवायची आहे, पाणी काढायचं आहे, असलं काहीतरी निमित्त सांगितलं, आणि आज नको, उद्या सांगू, असं म्हणत राहिली. मानसी म्हणाली, "आई, बाबांना सांगून टाक गं. त्यांना पण काही बोलायचं असेल." सुगंधा हो म्हणाली. तोवर एकेक शब्द जात होता. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची, मग बसथांब्यांची. ते बिछान्यात पडून थांबे आठवत राहायचे, आरे चेकनाका, पिकनिक पॉइंट, आणि मधेच थांबून रडायचे. शेवटी सगळे शब्द गेले आणि एकच राहिला. क्लिअर. पाणी हवं असलं की क्लिअर, दुखलं की क्लिअर. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एखादा शब्द अडकून बसतो. नेव्हिलच्या तारेतल्या विजेसारखा तो बाळांच्या तोंडात फिरत राहिला, आणि तो आत सोडला होता सुगंधानेच.

सर्वांत जास्त ते तिलाच त्या नावाने बोलवायचे. ती मोरीत असो की दारात, आतून हाक यायची, "क्लिअर." आणि ती म्हणायची, "इलंय ओ."

एका दुपारी तिने त्यांचा हात हातात घेतला आणि सांगून टाकलं. "ता क्लिअर नव्हता. तुमच्या डोक्यात गाठ आसा. माका रिपोर्ट इल्यापासून ठावक होता. मी तुमका खोटा सांगलंय."

 बाळांनी तिचा हात थोपटला आणि ते म्हणाले, "क्लिअर."

मला कळलं, असं म्हणाले का? जाऊ दे, असं म्हणाले? का नुसती तिला हाक मारली, की पाणी मागितलं? तिने पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. या एका गोष्टीचा उलगडा तिला आता कोण करून देणार? जो करू शकत होता त्याला तिने वेळेवर विचारलं नाही. चतुर्थीला गावी न्यायचं ठरत होतं, त्याच्या आधीच ते गेले.

आळीतल्या बायका जमल्या. एकीने सुगंधाच्या गळ्याकडे हात नेला आणि ती थबकली, तिथे सोनं नव्हतंच, हळकुंडाचा दोरा होता. सुगंधाने तो स्वतःच सोडला. एवढ्या बायकांना तिने गाठी मारून दिल्या होत्या, पण स्वतःची सोडताना बोटं चालेनात.

ती कामावर परत आली. डबा अजून आहे, पण आता ती स्वतः कुणाच्या गळ्यात दोरा बांधत नाही. डबा पुढे करते आणि म्हणते, "तूच बांध बाय." विधवेचा हात कुणाला चालेल न चालेल. नेव्हिलने तो शब्द टाकून दिला आहे. तो आता "फोटो निघाले, रिपोर्ट डॉक्टर देतील" एवढंच म्हणतो आणि आत जातो.

परवा मुलुंडहून एक तरुण बाई आली होती. तिच्या हाताला सुई टोचलेली, तिला मागे गाठ मारता येईना. "मावशी, तुम्हीच बांधा ना," ती म्हणाली. सुगंधाने सांगून पाहिलं, की माझा हात नको. बाई म्हणाली, "तुमचाच हवा." तेव्हा सुगंधाने दोरा घेतला. ती त्या मानेमागे वाकली होती, इतक्यात आतलं दार उघडलं. गार्गी नावाची मुलगी नव्यानेच मशीनवर लागली आहे, तिला यातलं काही ठाऊक नाही. बाकड्यावरच्या कुणा म्हाताऱ्याला ती मोठ्याने म्हणाली, "क्लिअर!"

"इलंय ओ," सुगंधा म्हणाली आणि हातातली गाठ अर्धी टाकून वळली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"मावशी, तुम्हाला नाही कोणी बोलावलं," गार्गी म्हणाली.