चौदा कप्प्यांची पट्टी

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि टेलरबाई मशीनवर बसून एका पँटला खालून टीप मारत होत्या. वय अडुसष्ट. दुकान बंद करून सहा वर्षं झाली. मशीन घरी आणून खिडकीशी मांडलं, तेव्हापासून फक्त दुरुस्त्या. चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, कपडा सैल करून देणं. बारीक करायला कुणी आणत नाही.

हात पँटवर होते, कान आतल्या खोलीकडे. पलंग करकरला की पायडलवरचा पाय थांबायचा. मग भिंतीला हात लावत चालल्याचा आवाज यायचा, मोरीचं दार वाजायचं, आणि तिथून सुखरूप परतल्याचा आवाज येईपर्यंत पाय हलायचा नाही. रात्रीपासून ही चौथी फेरी.

नवरा निवृत्त पोस्टमन. छत्तीस वर्षं रोज अकरा किलोमीटर चालला, कधी पाय मुरगळला नाही. गेले चार दिवस मात्र सकाळी उठून उभा राहिला की त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. काल तर न्हाणीच्या उंबऱ्यावरच बसला. फार काही लागलं नाही, कोपर खरचटलं तेवढं.

आणि उद्या दुपारची बस होती. चौदा तासांचा प्रवास. टेलरबाईंची थोरली बहीण तिकडे राहते. वय एकोणऐंशी. दोघींची भेट होऊन नऊ वर्षं झाली होती. मधे दोनदा बेत ठरला आणि दोनदा मोडला, एकदा गुडघ्यापायी, एकदा मोतीबिंदूपायी. या खेपेला ताईने फोनवर बजावलं होतं, "तारीख सांगूच नकोस मला. दारात येऊन उभी राहा, मग मी मानते." पुढच्या महिन्यात ताईचा मुलगा तिला आपल्याकडे नेणार होता, समुद्रापलीकडे. मग जाणं राहिलंच.

काल दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला. बसवून बघितला, उभं करून बघितला, आणि कपाळाला आठी घातली. "उद्याचा दिवस आराम. परवा सकाळी पुन्हा बघू. उभं राहिल्यावर इतकाच उतरत असेल तर मी प्रवासाला पाठवणार नाही."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, मी आधीपासून सांगतोय, तुम्ही दोघांनी आता एकट्यानं फिरू नये. इथं गोळ्या सांभाळणं होत नाही, तिथं काय करणार?"

"गोळ्यांचं सगळं व्यवस्थित आहे," टेलरबाई म्हणाल्या. त्यांना ते खरंच व्यवस्थित वाटत होतं.

गोळ्यांसाठी त्यांनी मुद्दाम पट्टी शिवली होती. जाड सुती कापडाची, आतून अस्तर, एकाखाली एक सात आणि शेजारी तसेच सात असे चौदा कप्पे, वर अडकवायला लूप. गुंडाळली की पिशवीत मावते. पाकिटाच्या कडा अस्तराला लागतात म्हणून गोळ्या पाकिटातून काढूनच भरल्या. दोन गोळ्या: एक लघवीवाटे अंगातलं पाणी उतरवणारी, ती सकाळी, आणि दुसरी रक्तदाबाची, जिने थोडी गरगर येते, ती रात्री झोपताना. दोन्ही पांढऱ्या, गोल. डावी रांग सकाळची, उजवी रात्रीची. खुणा केल्या नाहीत. पत्रांवर अर्धवट पत्ते असताना घरं शोधणाऱ्या माणसाला डावं-उजवं लिहून काय द्यायचं?

कपडा ट्रायल घेतल्याशिवाय द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. म्हणून प्रवासाच्या पाच दिवस आधीच पट्टी कपाटाच्या खिळ्याला लावली आणि नवऱ्याला सांगितलं, "आजपासून यातूनच घ्यायच्या. सवय होऊ दे."

साडेदहाला कोपऱ्यावरची बेकरीवाली कोट घालून बघायला आली. टेलरबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या, तोंडात टाचण्या, हातात खडू.

"काका कसे आहेत?"

"आहेत. झोपलेत."

"प्रवासाला निघायचं म्हटलं की आमच्या घरी पण आधी पोटं बिघडतात. घाबरतात, दुसरं काय." ती आरशाकडे वळली. "काकू, डावी बाही लांब वाटत्ये ना?"

टेलरबाईंनी हात पुढे केला आणि समोरची बाही धरली. त्यांच्या उजव्या हाताला होती ती. विचार करावा लागला नाही. पंचेचाळीस वर्षांत कधीच लागला नव्हता. समोर उभ्या असलेल्याचं डावं ते आपल्या उजवीकडे. त्यांनी बाही बोटभर दुमडली, टाचणी लावली, आणि हात तिथेच राहिला.

पट्टी त्यांनी भरली होती ती खिळ्याला टांगून. समोर उभं राहून. आणि माणसाचं धरावं तसं पट्टीचं डावंही आपल्या उजवीकडे धरून.

"काकू? टोचतंय हो."

"माफ करा," म्हणून त्यांनी टाचणी काढली, उरलेल्या तोंडातून काढून उशीत खोचल्या आणि आत गेल्या.

डावीकडच्या रांगेत दोन कप्पे भरलेले होते, उजवीकडच्या रांगेत तीन. त्यांनी प्रत्येकीतून एक गोळी तळहातावर घेतली. पाण्याच्या गोळीवर मधोमध रेघ असते, हे मूळ पाकिटावरून पडताळलं. डोळ्यांना नीट दिसेना, अंगठ्याच्या नखाने चाचपलं. रेघ उजवीकडच्या गोळीवर होती. म्हणजे गरगर आणणारी सकाळी पोटात जात होती आणि पाणी उतरवणारी रात्री. पाच दिवस.

नवरा उशीवरून बघत होता. "काय झालं गं?"

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

तो छताकडे बघत म्हणाला, "म्हणजे मी बरा आहे."

"तसं दिसतंय."

"टपालात छत्तीस वर्षं माझी एक गल्ली चुकली नाही. घरात आल्यावर पत्ता चुकवलास." मग खालच्या आवाजात, "मुलाला नको सांगू. मीच धांदरटपणा केला म्हण. मला तसंही काय बोलायचं राहिलंय त्याने."

"डॉक्टरीणबाईंना सांगावं लागेल. नाहीतर त्या औषध बदलून बसतील."

"त्यांना सांग. मुलाचं म्हणतोय मी."

टेलरबाई उठल्या. बेकरीवालीला संध्याकाळी यायला सांगून त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. तेच टेलरबाईंना जड गेलं. "आज रात्री काही देऊ नका. उद्या सकाळपासून बरोबर सुरू करा. कदाचित उद्यापर्यंत गोळीचा अंमल उतरेल, कदाचित नाही उतरणार. मी बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही."

दुपारी त्यांनी सगळे कप्पे रिकामे केले, रात्रीच्या सातही कप्प्यांच्या तोंडाशी लाल दोऱ्याने तीन तीन टाके घातले आणि पट्टी टेबलावर आडवी ठेवून भरली. मग मुलाला फोन लावला. चूक आपली होती हे सांगितलं. तो म्हणाला, "आई, हेच म्हणत होतो मी."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तरी सांगितलं."

कोटाची बाही पाचला पुरी झाली. पिशव्या भरलेल्या होत्या, पण त्यांनी चेन लावल्या नाहीत.

दवाखाना उद्या सकाळी साडेनऊला उघडतो. तिकीट रद्द करायची मुदत अकराला संपते. बस दोन वाजून दहा मिनिटांनी सुटते.