अण्णांचा डावा हात

सिद्रामअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिंचोळी एमआयडीसीत एका मशीनखाली उताणा पडलो होतो. फोन त्यांच्या मुलीचा, सुवर्णाचा. "काका, बाबा गेले. चहा पिऊन खुर्चीत बसले होते, तसेच… चार वाजता माती हाय." मी मशीनखालून बाहेर आलो, हात पुसले, तोंडावर पाणी मारलं. आणि मग जे वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण आज लिहिणारच आहे. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. वाईट वाटलं ते नंतर. एक गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक होती, त्यांतला एक गेला. आता ती माझ्याबरोबरच जाईल, असं मनात आलं आणि माझी मलाच शिसारी आल्यासारखं झालं. मातीला जाऊन आता महिना होत आला, पण तो क्षण काही मनातून हलत नाही.

अण्णा म्हणजे डिझेल मिस्त्री. घर भवानी पेठेत, गॅरेज अक्कलकोट रोडला. ट्रॅक्टर, पोकलेन, क्रशरवरचे डंपर, जे काही चिखलात आणि दगडात चालतं ते सगळं त्यांच्या दारात यायचं. डांबरावर चालणाऱ्या गाडीला मात्र हात लावायचे नाहीत. "रस्त्यावरची गाडी लाडावलेली असती ओ," म्हणायचे. मी अशी मशीन बनवणाऱ्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर. हातात लॅपटॉप, पायात कंपनीचे बूट आणि डोक्यात डिप्लोमाची हवा. आमची कंपनी तेव्हा सहा सिलेंडरचं जुनं धूड काढून तेवढ्याच ताकदीचं चार सिलेंडरचं नवं इंजिन पोकलेनमध्ये बसवायला लागली होती. अण्णांनी पहिल्यांदा बॉनेट उघडून बघितलं आणि माझ्याकडं वळले. "हे इंजिन हाय व्हय, साहेब? आमच्या पेठेतलं शिलाई मशीन ह्याच्यापेक्षा मोठं असतंय की." चार माणसं खो खो हसली. मला काय मिरची झोंबली म्हणून सांगू! एवढंसं इंजिन एवढं काम करतं ते दाबामुळं. ट्रकच्या टायरात हवा असते आठ-नऊ बार; इथं पाइपातलं डिझेल दोन हजार बारपर्यंत दाबलेलं असतं. हे मी त्यांना तिथंच सांगू शकलो असतो. फुगून बसलो, सांगितलं नाही.

आमचं वाकडं होतं ते त्याच्याही आधीपासून. एका खाणीवर आमचं मशीन बंद पडलं होतं. लॅपटॉप म्हणाला सेन्सर गेला, मी सेन्सर मागवला, दोन दिवस मशीन उभं. तिसऱ्या दिवशी मालकानं अण्णांना आणलं. त्यांनी स्टार्टर मारायला सांगितला, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग उठून मागच्या बाजूची एक वायर ओढून दाखवली, पत्र्याला घासून उघडी पडलेली. पाच मिनिटांत मशीन चालू. "कंपूटरला कान न्हाईत, साहेब," एवढंच म्हणाले, तेही प्रेमानं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हा मी तिशीतही नव्हतो, आणि सगळ्यांदेखत नाक कापलं गेलं होतं. मी ते धरून बसलो.

म्हणून पुढं जे झालं ते झालं. आमच्या वितरकाच्या शेडमध्ये नव्या इंजिनाचं एक दिवसाचं ट्रेनिंग होतं, शिकवणारा मी. सकाळी दहाला अण्णा दारात उभे. मोटारसायकलवरून आलेले, धुतलेला पांढरा शर्ट, बगलेत दोनशे पानी वही. साठीच्या घरातला माणूस, ज्याच्या हाताखाली निम्म्या जिल्ह्याचे मिस्त्री तयार झाले, तो वही घेऊन माझ्या दारात शिकायला आला होता. "मागं बसतो, साहेब. काय बोलणार न्हाय." मी म्हणालो, "अण्णा, हे फक्त आमच्या लोकांसाठी आहे. नियम आहे." नियम होता, खोटं नव्हे. पण त्याच वेळी मागच्या बाकावर दोन ट्रकचे ड्रायव्हर नुसतेच टेकले होते, त्यांना मी चहासुद्धा पाजला होता. अण्णांनी त्या दोघांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बरं बरं," म्हणाले आणि गेले. मी दार लावून घेतलं आणि पुढची स्लाइड लावली. तिच्यावर एका हाताचा फोटो होता.

दीडएक महिन्यानं अक्कलकोटच्या बाजूला एका विहिरीच्या कामावर आमचंच पोकलेन मिसिंग मारायला लागलं, म्हणजे चारातला एक सिलेंडर नीट पेटेना. मालक हुशार, त्यानं मलाही बोलावलं आणि अण्णांनाही. मी लॅपटॉपची केबल आणायला गाडीकडं गेलो. इंजिन चालू होतं. जुन्या इंजिनात असा आजारी सिलेंडर ओळखायची एक पद्धत असते, प्रत्येक डिझेल मिस्त्री तिच्यावरच मोठा झालेला असतो. चालू इंजिनावर एकेका पाइपाचा नट पान्यानं थोडा ढिला करायचा. ज्याचा नट ढिला केल्यावर आवाज बदलत नाही, तो आजारी. जुन्या इंजिनात फार तर डिझेल गळायचं, हात माखायचा. नवं इंजिन चालू असताना तो नट ढिला करणं म्हणजे… मी वळून बघितलं तर अण्णांच्या उजव्या हातात पाना होता. मी ओरडलो. ओरडलो असं मला वाटतं. निदान तोंड तरी उघडलं होतं. त्यांनी नट ढिला केला आणि ओल लागते का बघायला डाव्या हाताचं पहिलं बोट सवयीनं सांध्यापाशी नेलं. मग हात झटकला आणि फडक्याला पुसला.

"मुंगी चावल्यागत झालं," म्हणाले.

मी त्यांचं बोट धरून बघितलं. सुई टोचावी एवढं भोक. रक्त नाही, आग नाही. त्या भोकातून डिझेल आत शिरलं होतं, बोटाच्या आतून तळव्याकडं पसरत होतं, आणि पहिल्या काही तासांत ऑपरेशन करून हात आतून धुतला नाही तर हात जातो, हे सगळं मला पाठ होतं. "अण्णा, गाडीत बसा. सोलापूरला जायचं." ते हसायला लागले. "एवढ्याला? मिसिंग काढल्याबिगर जात न्हाय मी." मालकही म्हणाला, "साहेब, तुमी लई मनाला लावून घेता बघा." मग मात्र माझं डोकं फिरलं. मी इंजिन बंद केलं, चावी खिशात घातली, तोंडात येतील तेवढ्या शिव्या घातल्या, अण्णांनाही घातल्या. माझ्या दुप्पट वयाच्या माणसाला! ते रागानंच गाडीत येऊन बसले.

वाटेतल्या गावात त्यांनी हट्टानं एका डॉक्टरपुढं गाडी थांबवायला लावली. डॉक्टरनं बोट बघितलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. "काही नाही, किरकोळ आहे." अण्णा विजयी मुद्रेनं बाहेर आले. "बघा, डाक्टर पण हसला." त्यात पाऊण तास गेला. पुढं निघालो तर त्यांनी डबा उघडला, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मी एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्यानं डबा ओढून घेतला. "काही खायचं नाही. पाणीसुद्धा नाही. भूल द्यावी लागेल." तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघायला लागले. बोट एव्हाना टम्म फुगलं होतं, पट्टी रुतली होती, आणि रंग पांढुरका होत चालला होता. "तुमाला एवढं कसं ठाऊक, साहेब?" मी म्हणालो, "कंपनीनं शिकवलंय." ते सोलापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटतं, त्यांना तिथंच सगळं उमगलं असावं. त्यांच्या शेजारी बसून गाडी चालवणं… जाऊ दे. मी आयुष्यात एवढा घामाघूम कधी झालो नाही.

सोलापुरात दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. तोही म्हणाला, ड्रेसिंग करून सोडू. मी टेबलावर लॅपटॉप आपटला आणि ती स्लाइड उघडली. तेच बोट, तेवढंच भोक. दुसऱ्या फोटोत काळं पडलेलं. तिसऱ्या फोटोत हातच नाही. पोरगा गुणी, त्यानं वाद न घालता लगेच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते आले, बोट न दाबता नुसतं बघितलं. "किती वेळ झाला?" "साडेतीन तास." "चला, आत घ्या." अण्णा घाबरले ते तेव्हा. अण्णा लिंगायत, गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी डाव्या तळव्यावर घेऊन पूजा करायचे, लहानपणापासून एक दिवस चुकला नव्हता. ते डॉक्टरांना म्हणाले, "बोट जाऊ द्या, डाक्टर. तळवा तेवढा ठेवा. न्हायतर लिंग कुटं घेऊ मी?" डॉक्टर म्हणाले, "बघतो." एवढंच म्हणाले, शब्द दिला नाही. मग आत नेता नेता अण्णांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मी वाकलो.

"साहेब, त्या दिवशी दार लावून हेच शिकवत होता व्हय?"

मी "होय" म्हणालो. खोटं बोलायचं धाडस झालं नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. ते "हं" म्हणाले, आणि त्यांना आत नेलं.

तीन वेळा हात उघडावा लागला. बोट गेलं, तळवा राहिला. गावभर झालं, साहेबांनी अण्णांचा हात वाचवला. अण्णाही तसंच सांगायचे, आणि मी गप्प बसायचो. हात पुरता बरा व्हायच्या आतच ते वही घेऊन माझ्या घरी आले. "आता सांगा. पहिल्यापासनं." मग कित्येक रविवार आम्ही बसलो. दाब, सेन्सर, इंजिन बंद केल्यावर पाइपातला दाब उतरायला किती थांबायचं, सगळं त्यांनी लिहून घेतलं. माझं एखादं वाक्य समजलं नाही की ओरडायचे, "कुणाला शिकवताय, मला का भिंतीला?" आमची दोस्ती जमली ती अशी. पण ते अधूनमधून म्हणायचे, "साहेब, एक बोलू का?" आणि मला वाटायचं, आता दाराचं काढणार! आणि ते कुठल्या तरी व्हॉल्व्हचं विचारायचे. पाच वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघितली. त्यांनी ते काढलं नाही, आणि मीही माफी मागितली नाही. रोज उद्यावर ढकलत गेलो… आणि मग सुवर्णाचा फोन आला.

मातीच्या वेळी त्यांना लिंगायतांच्या रीतीप्रमाणे बसवलं होतं. कपाळभर विभूती, आणि डाव्या तळव्यावर लिंग. चार बोटं त्याच्याभोवती. शेजारचा माणूस कुणाला तरी हळूच सांगत होता, "ह्या साहेबांमुळं तो हात राहिला." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखानं.

परवा गॅरेजवर गेलो. आता सुवर्णाच सगळं बघते; हाताखाली दोन मिस्त्री आहेत, पण पाना तिच्याच हातात असतो. तिनं चहा मागवला. एक नवा ट्रॅक्टर दुरुस्त होऊन उभा होता, मालकही होता शेजारी. चालू करायच्या आधी ती ओरडली, "हात!" आणि सगळ्यांनी, मिस्त्र्यांनी, ट्रॅक्टरच्या मालकानं, सहज बघत उभ्या राहिलेल्या दुकानदारानंसुद्धा, दोन्ही हात पाठीमागं बांधले. पाच वर्षांत कामाच्या वेळी मी गॅरेजवर कधी आलोच नव्हतो, मला कळेना. ती म्हणाली, "बाबांचा नियम हाय, काका. इंजिन चालू तवर हात मागं. आणि येईल त्याला का ते सांगायचं. गिऱ्हाईक असू दे, शेजारच्या गॅरेजचा असू दे, पत्ता विचारायला आलेला असू दे. सांगितल्याबिगर सोडायचं न्हाय." मग माझ्याच्यानं राहवलं नाही. तिथंच, सगळ्यांपुढं म्हणालो, "सुवर्णा, तुझे बाबा ट्रेनिंगला आले होते. मला सगळं ठाऊक होतं. मी त्यांना दारातून…"

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दवाखान्यातनं घरी आले त्या दिवसापासनं. म्हणाले, ठाऊक असून एका माणसानं सांगितलं न्हाय, म्हणून माझं बोट गेलं. आपल्या दारातनं कुणी तसं जायला नको. तुमचं नाव मात्र भाईर कुणाला सांगू दिलं न्हाय. त्यानीच मला दवाखान्यात नेलं, म्हणायचे." माफी मागायला म्हणून मी कप हातात घेऊनच एक पाऊल पुढं झालो. पाच वर्षं त्या घरात मी चहा प्यालो होतो, आणि ती प्रत्येक वेळी सगळं ठाऊक असून कप पुढं करत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही आणि मायेनंही नाही, ट्रॅक्टरच्या मालकाकडं बघितलं होतं तसंच. "काका, कप ठेवा की. हात मागं घ्या."

मी कप खाली ठेवला. मी दोन्ही हात मागं घेईपर्यंत तिनं चावी फिरवली नाही.