गायक आलाच नाही

आमच्या ग्रुपवर कुणाला नाव नव्हतं, स्टेशन होतं. मी डोंबिवली. एक होता ठाणे. तो टेंभी नाक्याला राहायचा आणि नवरात्राचे नऊ दिवस लाऊडस्पीकरच्या नावाने बोटं मोडायचा. एक आंबिवली, रेगे या जमैकन संगीताचा वेडा. आणि एक टिटवाळा. सुरुवातीला आम्ही दहा-बारा जण होतो. अमेरिकेतली जुनी ब्लूज गाणी, परदेशातली लोकगीतं, रेगे असलं काहीबाही ऐकणारी इतकी माणसं कल्याणच्या आसपास निघाली, याचंच आम्हाला अप्रूप होतं. माझ्या घरात या सगळ्याला 'तिची ती रडकी इंग्रजी गाणी' असं एकच नाव होतं. माझा मामेभाऊ बोटीवर होता. त्याने आणलेल्या, कव्हर हरवलेल्या कॅसेटी ऐकत मी मोठी झाले. कोण गातंय हे मला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं, आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

ग्रुपचा नियम एकच होता. कुणी गाणं पाठवलं की नुसतं 'मस्त' म्हणायचं नाही, अंगठा दाखवायचा नाही. गाणं पूर्ण ऐकायचं आणि आपण कुठे थांबलो ते लिहायचं. प्रत्येक चांगल्या गाण्यात अशी एक जागा असते, जिथे आपल्या हातातलं काम आपोआप थांबतं. भाजी चिरत असाल तर सुरी थांबते. ती जागा सांगायची, बस.

वाटतो तितका हा नियम सोपा नाही. त्यासाठी गाणं खरंच ऐकावं लागतं. वर्षभरात एकेक जण गळाला. ठाण्याने आधी अंगठे सुरू केले, मग सकाळची फुलं पाठवायला लागला. आंबिवलीला नोकरी लागली पुण्याला आणि तो तिकडचाच झाला. शेवटी ग्रुप नावाला उरला, आणि मी व टिटवाळा परस्पर एकमेकांना गाणी पाठवायला लागलो.

मी एकटी राहते. रडगाणं म्हणून सांगत नाही, पण लपवण्यातही अर्थ नाही. आई गेल्यापासून डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत मी आणि एक फ्रीज, असे दोघंच आवाज करतो. ऑफिसचं काम बरेच दिवस घरूनच असतं. सोसायटीतल्या बायका चांगल्या आहेत, पण त्यांच्याशी बोलताना मला सारखं आपण कुणाच्या तरी साखरपुड्याला आल्यासारखं वाटतं. माणसाला फार माणसं लागतात असं माझं म्हणणं नाही. एक पुरतो. आपण दिलेलं जो पूर्ण ऐकतो असा एक. तो मला टिटवाळ्यात मिळाला होता.

त्याच्याविषयी मला एवढंच ठाऊक होतं: माझ्यापेक्षा मोठा, निवृत्त, शुद्ध मराठी लिहिणारा, मला 'अहो डोंबिवली' म्हणणारा. पण आम्ही थांबायचो एकाच जागी. गाणारी बाई तिसऱ्या कडव्याआधी श्वास घेते तिथे. गिटारची तार किंचित बेसूर लागते आणि वाजवणारा ती तशीच पुढे नेतो तिथे. मी जागा मनात धरून ठेवायची आणि त्याचा मेसेज यायचा: तीच जागा. त्या वेळी इतका आनंद व्हायचा की मी उठून उगाच गॅलरीत जाऊन यायची.

एका बाबतीत मात्र तो हट्टी होता. त्याला फक्त अतिजुनी, खरखरणारी रेकॉर्डिंग्ज लागायची. जरा पुढच्या काळातलं काही पाठवलं की कुरकुर. रेगे तर नाहीच. मी चिडवायची, 'तुम्हाला गाणं नको असतं हो, खरखर हवी असते.' तो लिहायचा, 'नवीन रेकॉर्डिंगात मला काहीतरी अर्धंच वाटतं.' म्हाताऱ्या माणसांना नवीन सगळंच अर्धं वाटतं, असं मी मनात म्हणायची.

तरी एकदा हट्टाने मी त्याला माझं सगळ्यात लाडकं गाणं पाठवलं. मामेभावाच्या कॅसेटींतलं, जे पुढे इंटरनेटवर मला शोधूनही मिळत नव्हतं आणि अचानक एका दुपारी सापडलं. एक जाड, थकलेल्या आवाजाचा गायक, मागे गिटार, ऑर्गन आणि ड्रम. पहिल्या सुरापासून तो गायला लागतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. ते गाणं मी आजवर कुणाला दिलं नव्हतं. द्यायला कुणी नव्हतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. तो मला पाठ आहे.

'अहो डोंबिवली, काय दिलंत हे! गायक आलाच नाही. सगळे त्याच्यासाठी वाजवताहेत, जागा मोकळी ठेवताहेत, आता येईल, मग येईल. शेवटी तर ड्रमवाला एक ठोका सोडून देतो, आला की काय म्हणून. मी तिथे थांबलो.'

मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं आणि माझं डोकं फिरलं. गायक आलाच नाही? अख्खं गाणं तो माणूस घसा फोडून गातोय! म्हणजे यांनी गाणं ऐकलंच नव्हतं. काहीतरी दुसरंच लावलं असेल, किंवा काहीच नाही. वरवर चार वाक्यं छान लिहायची, झालं. आणि मग वाटलं, आधीचं सगळंही असंच असेल का? इतके दिवस मी ज्याला माझा एक माणूस म्हणत होते, तो नुसता अंदाजपंचे लिहीत होता? मला रडू आलं. पन्नाशीच्या बाईला गाण्यावरून रडू येतं हे कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि सांगायला होतंच कोण.

मी उत्तर दिलं नाही. त्याने पुढे दोन गाणी पाठवली. एकाला मी लिहिलं, 'छान.' नियमात न बसणारा तो शब्द त्याला लगेच खटकला असणार. त्याचा मेसेज आला: 'कुठे?' मी फोन उपडा ठेवला. त्यानंतर तिकडूनही काही आलं नाही, आणि घरात पुन्हा फ्रीज आणि मी.

माझे इअरफोन तारेचे आहेत. बिनतारेचे मी हरवते. तारेच्या इअरफोनचं मरण ठरलेलं असतं: पिनेजवळ वायर सैल होते आणि एक बाजू जाते. मग वायर विशिष्ट कोनात वाकवून, वेटोळं करून, रबर लावून आपण महिनाभर काढतो. असंच एका रविवारी मेथी निवडत होते. फोन आपला आपण एकामागून एक गाणी लावत होता. उजवी बाजू सकाळीच गेली होती आणि माझे दोन्ही हात मातीचे, म्हणून वायर पिळत बसले नाही. डाव्या कानाने ऐकत होते.

कुठलंसं गाणं लागलं. गिटार, मग ऑर्गन, मग ड्रम हळूच मागून. ओळखीचं वाटत होतं, पण कुठलं ते कळेना. सुरुवातीचं वाजवणं संपेना. आता गायक येईल असं दर थोड्या वेळाने वाटत होतं. सगळे त्याच्यासाठी सरकून बसल्यासारखे वाजवत होते आणि मधली जागा रिकामीच राहत होती. मग ड्रमवाल्याने एक ठोका सोडला.

मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली.

ते माझंच गाणं होतं. हात धुवून मी फोन बघितला, वायर पिळली, उजव्या कानात तो जाड आवाज खरखरत आला, गेला, पुन्हा आला. त्या काळात स्टीरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळा आवाज, नव्याने आला होता, आणि रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी हौसेने सगळं वाटून टाकलं होतं: वाजवणारे सगळे डावीकडे, गाणारा एकटा उजवीकडे. इतकी वर्षं मी दोन्ही कानांनी ऐकत आले, मला ते कधी जाणवलंच नाही. त्याच्याही आधीच्या, खरखरणाऱ्या रेकॉर्डिंगांत अशी वाटणी नसते. दोन्ही कानांत एकच सगळं येतं. आणि ज्याचा उजवा कान गेलेला आहे, त्याला तेवढीच पूर्ण ऐकू येतात.

'नवीन रेकॉर्डिंगात मला काहीतरी अर्धंच वाटतं.' सांगितलं होतं की त्याने.

मी त्याला लिहिलं, 'पुढच्या रविवारी गणपतीला येतेय, तुमच्याकडे चहाला येऊ का?' देवळाबिवळात मी सहसा जात नाही, पण बाईमाणसाला टिटवाळ्याला जायला तेवढं कारण पुरतं. त्याने पत्ता पाठवला. स्टेशनबाहेर रिक्षात बसले तर रिक्षावाल्याने न विचारता देवळाकडे वळवली. मी म्हटलं, 'दादा, देऊळ नाही, नवीन बिल्डिंगींकडे.' त्याने आरशात माझ्याकडे असं बघितलं की मला उगाचच अपराधी वाटलं.

दार उघडलं ते बारीकशा, इस्त्रीचा सदरा घातलेल्या माणसाने. 'या, डोंबिवली,' तो म्हणाला, आणि मला खुर्ची दाखवली ती त्याच्या डाव्या बाजूची.

चहा त्यानेच केला. हात धुवायला आत गेले तर वाटेतल्या खोलीचं दार उघडं होतं. पलंग, टेबल, भिंतीवर पान न उलटलेलं कॅलेंडर, आणि गादीवर अजून दुकानातलं प्लास्टिक. मी बघितलं ते त्याने बघितलं.

'मुलाची खोली,' तो म्हणाला. 'बंगलोरला असतो. घर घेतलं तेव्हा म्हणाला, दिवाळीला येतो. मग गणपतीला. येईल.'

मी बॅगेतून छोटा स्पीकर काढला. 'तुम्हाला एक गाणं ऐकवायचंय. तेच, पण पूर्ण.' स्पीकर एकच असला की दोन्ही बाजू एकत्र होतात, हे मी घरून करून बघून आले होते. मला वाटत होतं, मी त्याच्यासाठी मोठंच काहीतरी घेऊन आले आहे.

त्याने डावा कान स्पीकरकडे केला. पहिल्याच सुरापासून तो गायक गायला लागला.

'हा कोण?'

'गायक.'

'पहिल्यापासून होता?'

'हो. उजवीकडे होता.'

त्याने कान स्पीकरच्या आणखी जवळ नेला. गाणं संपेपर्यंत मान तशीच. खाली नव्या बिल्डिंगीचं काम चाललं होतं, लोखंड आपटत होतं. गाणं संपलं.

'लहानपणी कान फुटला,' तो म्हणाला. 'गावी तेल घालायचे, त्यानेच गेला असेल. कानाचं सांगितलं की लोक ओरडून बोलतात. तुमच्याशी लिहून बोलायचं होतं, म्हणून सांगायची वेळच आली नाही.'

'मला वाटलं तुम्ही ऐकलंच नाही.'

'ते कळलं. "छान" आलं तेव्हाच कळलं.' तो हसला. मग स्पीकरकडे बघत म्हणाला, 'चांगला गातो हो. पण राग मानू नका, हे नेहमीसारखं गाणं आहे. तो गातो, बाकीचे त्याच्यामागून चालतात. माझ्यात सगळे वाट बघत होते. माझं लावता का परत?'

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. मी त्याला राहिलेलं अर्धं द्यायला आले होते, आणि त्याला ते नको होतं. त्याच्या मागे ती प्लास्टिकमधली गादी अर्ध्या उघड्या दारातून दिसत होती.

मी बॅगेतून माझे मोडके इअरफोन काढले. जी बाजू चालू होती ती डावी. ती त्याच्या डाव्या कानासाठी दिली. दुसरी माझ्या मांडीवर लोंबत होती. ती मी माझ्या कानात घातली आणि गाणं लावलं.

'तुम्हाला येतंय ऐकू?' त्याने विचारलं.

'हो,' मी म्हटलं.

माझी बाजू मेलेली होती. मला पंखा ऐकू येत होता आणि खालचं लोखंड. तो डोळे मिटून बसला होता, एक बोट खुर्चीच्या हातावर हळूहळू आपटत होता. मी त्या बोटाकडे बघत राहिले. गिटार कुठे आली, ऑर्गन कुठे आला, सगळं मला त्याच्या बोटावरून कळत होतं. बराच वेळ गेला. मग ते बोट वर उचललं गेलं आणि तिथेच राहिलं, खाली आलं नाही, आणि त्याने डोळे न उघडताच बाहेरच्या दाराकडे मान वळवली.

'इथेच,' मी म्हटलं.