हात करणारी नायिका

डिझेलचा वास आला की मला एरंडोलजवळचा तो फाटा आठवतो. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एका जुन्या सिनेमाची सुरुवात आम्हाला हुबेहूब चित्रित करायची होती: एसटी सुटते आणि उतरलेली नायिका मागे न बघता चालू लागते. नायिका होणाऱ्या मैत्रिणीला ऐनवेळी घरच्यांनी अडवलं. दिग्दर्शक मीच होते; मी थांब्यावरच्या एका अक्कांना विचारलं, "तुम्ही चालाल?" "चालस ना, त्यामा काय शे!" एसटी सुटली, अक्का ताठ निघाल्या, आणि मध्येच वळून त्यांनी गाडीला हात केला. मी कारण विचारलं. "एवढं आठलोंग पोचाडं एसटीनी, हात नको कराले?" इथवर आणून सोडणाऱ्या गाडीचा निरोप घ्यायला नको का, असं त्यांचं म्हणणं. कॉलेजात सर म्हणाले, "मूळ सिनेमात हे नाही." मी म्हणाले, "आमच्यात आहे, आणि राहील." आज मी स्वतःचे लघुपट करते, नक्कल मात्र तेव्हाच सुटली.