नारळ उभा राहिला ती जागा

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. बायकोले नाही, विलासले तर नाहीच नाही. तुमाले काहून सांगून राहिलो, तेही नीट समजत नाही. तुमी आमच्या गावचे नाही म्हणून असंल कदाचित. मधात अडखळलो तर थांबा थोडं.

मी अमरावतीले राजापेठेत राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो. विलास माझा लहान भाऊ. अचलपूर रोडवर आमचं वावर आहे, तिथंच तो घर बांधून राहतो — तो, त्याची बायको ज्योती, अन् दोन लेकी. मी मोठा, त्यात शिकलेला. घरात माझा शब्द शेवटचा. याचं मले लई कौतुक होतं.

काही वर्षांआधी मले समाजसेवेचा झटका आला. कॉलनीत घरोघरी फिरून सांगितलं — जळालेल्या ट्यूबा, संपलेले सेल, बॅटरी फुगलेले मोबाईल, फुटके थर्मामीटर, जुन्या टीव्हीच्या काचा, काहीच कचऱ्यात टाकू नका, मले द्या. अकोल्याच्या एका माणसाची गाडी येणार होती, तो सगळं नीट जागी नेणार होता. लोकांनी दिलं ना बाप्पा! भंगारवाला ज्याले हात लावत नाही ते सारं माझ्या जिन्याखाली आलं. सव्वीस जानेवारीले मले शाल-श्रीफळ दिलं. मी भाषण ठोकलं — पारा काय करते, शिसं काय करते, जमिनीत मुरलं की लेकरांच्या अंगात कसं उतरते. सारं पाठ होतं मले. टाळ्याही पडल्या.

गाडी आली नाही. आज येतो, सोमवारी येतो, मग त्यानं फोन उचलणंच बंद केलं. आता मी काय करायले पाहिजे होतं? महापालिकेत विचारायचं, दुसरा माणूस शोधायचा. नाहीतर सरळ सांगायचं की भाऊ, जमलं नाही, आपापलं घरी ठेवा, गाडी मिळाली की नेऊ. एवढंच तर होतं. पण शाल घेऊन बसलो होतो ना. बायको जिन्याकडे पाहून रोज तोंड वाकडं करे. शेजारी विचारत, सर, गेलं का सगळं? अन् एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं — हो, गेलं.

आधी खोटं बोललो, मग ते खरं करायले निघालो. हे कुठलं डोकं म्हणावं?

विलास सगळ्यांले घेऊन सासुरवाडीले लग्नाले गेला होता. मी मालवाहू ऑटो केला, पोती भरली अन् भर दुपारी वावरात नेली. तिथं आमची एक जुनी विहीर होती, आटलेली, काट्या टाकून ठेवलेली. पोती वरून सोडून दिली. खाली ट्यूबा फुटल्याचा आवाज आला. तवा काय वाटलं सांगू? हलकं वाटलं. खरंच हलकं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात विलासनं ती विहीर मुरूम टाकून बुजवली, लेकी पडतीन म्हणून. मी म्हटलं, झाकली मूठ.

मग बोअरचं निघालं. नळाले पाणी नाही, ज्योती दुरून हंडे आणून आणून थकली होती. विलासनं पाणाड्या बोलावला, जमिनीतलं पाणी पाहणारा. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरभर फिरला. नारळ उभा राहिला तो नेमका बुजवलेल्या विहिरीच्या बाजूले.

विज्ञानाचा मास्तर मी. हे सारं थोतांड आहे, दुसरीकडे मारा — एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कारणही कोणी विचारलं नसतं. विलास माझ्याकडे वळला. म्हणे, "दादा, तुमी मोठे. तुमी म्हणान तिथं मारू."

मी म्हटलं, मार.

काहून म्हटलं? मले आजही सांगता येत नाही. भीती होती? की असं वाटलं, की पाणी लागणारच नाही? मोठा म्हणून जागेची पूजा मीच केली, नारळ मीच फोडला. पाणी लागलं. गोड लागलं. विलास रडला अन् माझ्या पाया पडला.

आता त्या पाण्यात काही आहे का? नसंलही. मुरूम आहे, काळी माती आहे, पाणी लई खोलचं आहे. पण आडात असंल ते पोहऱ्यात येणार, नाही का? पारा कुठवर जाते, किती वर्षांत जाते — भाषणात सांगितलं ते आता मलेच समजत नाही. पाणी तपासता येते. एक बाटली भरायची अन् नेऊन द्यायची. मी नेली नाही. काही निघालं तर बोलावं लागंल. नाही निघालं तरी विलास विचारंल, दादा, तपासलं काहून?

अन् आता मुख्य गोष्ट. मी ते पाणी पीत नाही.

आमच्याकडे आलेल्याच्या हाती आधी पाण्याचा गडवा देतात, मग बोलणं. मी पोटाचं कारण काढतो, डॉक्टरचं नाव सांगतो, घरची बाटली पिशवीतून काढतो. पहिल्यांदा ज्योती हसत म्हणाली, "आमच्या पाण्यात जहर हाय का काय, भाऊजी?" मीही हसलो. पुढं ती हसली नाही. मोठेपणा आला, आमचं पाणी चालत नाही, असं तिनं धरलं असंल. मी तसंच धरू दिलं. ते बरं होतं माझ्यासाठी.

मागच्या शनिवारी गेलो तर तिनं खास माझ्यासाठी अचलपूरहून सीलबंद बाटली आणून ठेवली होती. पदरानं पुसून हातात दिली. तुमाले सोसत नाही ना आमचं, म्हणाली, मनापासून. तेवढ्यात दोघी लेकी शाळेतून आल्या. त्यांनी दप्तर टाकलं, बोअरचा नळ सोडला अन् ओंजळीनं पाणी पिल्या, पोटभर.

मी बाटलीचं झाकण फिरवलं. अन् पिलो.