बाबांचा ट्रॅक्टर कशावर चालायचा

दादा माजरीच्या कोळसा खाणीतून निवृत्त झाला तेव्हा वहिनीला वाटलं, आता हा माणूस घरी बसेल. त्यानं मला फोन केला. "बाई, मी ट्रॅक्टर घेऊन राह्यलो. जुना. तू पाहाले ये."

मी चंद्रपूरला दवाखान्यात नर्स आहे. इंजिनातलं मला माझ्या स्कूटीपुरतं कळतं, म्हणजे सुरू झाली नाही की मेकॅनिकला बोलवायचं. पण मूलजवळची धानाची शेती आम्हा दोघांची, म्हणून मलाही विचारणं आलं. "नवा काऊन नाई घेत?" मी म्हटलं.

"नव्यात सारं कॉम्प्युटरवर राह्यते. मले हातानं खोलता आला पाहिजे. आपल्या बाबाच्या ट्रॅक्टरसारखा."

आमचे बाबा एका मोठ्या शेतकऱ्याकडे ट्रॅक्टर चालवायचे. ट्रॅक्टर मालकाचा, पण गावात सगळे त्याला बाबांचाच म्हणत. बाबा मी लहान असतानाच गेले, आणि तो ट्रॅक्टरही कधीचाच भंगारात गेला होता. दादाला तसाच हवा होता आणि त्यानं दोन हेरून ठेवले होते.

पहिला मूलकडच्या एका गावात होता. लाल, डिझेलचा. मालकानं तो सुरू केला आणि काळ्या धुराचा लोट अंगावर आला. समोरचं पत्र्याचं झाकण थडथडत होतं, शेजारी उभा असलेला दादा काय बोलतो तेही ऐकू येईना. बंद झाल्यावर तो खुशीत सांगू लागला, "डिझेलच्या इंजिनाले ठिणगी लागत नाई. हवाच इतकी दाबली जाते का तेल आपोआप पेटते. म्हणून त्याच्यात दम असते." बाबांचा असाच होता, हे त्यानं ठरवूनच टाकलं. आयुष्यभर खाणीत डंपर चालवलेला माणूस. मी मान हलवली.

दुसरा भद्रावतीला लाकडं कापायच्या एका आरामशीनच्या शेडमध्ये होता. करड्या रंगाचा, पेट्रोलचा. आरामशीनवाले भाऊ बाटलीनं टाकीत पेट्रोल ओतू लागले आणि मी जागीच थांबले. तो वास. सकाळचं कोवळं ऊन, बाबांचे तळहात, ते मला उचलून सीटवर बसवताहेत, आणि हाच वास. दादानं समोरून हँडल मारलं. इंजिन लगेच सुरू झालं आणि बारीक, एकसारखं बोलू लागलं.

"हाच," मी म्हटलं. "बाबाचा असाच होता."

"बाबाचा डिझेल होता. तू तवा एवढीशी होती."

"मले वास आठवते, दादा."

"मले आवाज आठवते!"

तेवढ्यात इंजिन फुरफुरलं आणि बंद पडलं. वैशाखाचं ऊन होतं. दादाला तेच हवं होतं. "पाह्यलं? पाइपातच पेट्रोल उकळलं. आपल्या इकडच्या उन्हात हे असंच होणार." भाऊंनी पाइपावर ओलं फडकं गुंडाळलं, थोडं थांबले, आणि इंजिन पुन्हा सुरू झालं. म्हणजे उन्हात बंद पडतो हे दादाचं खरं होतं, चालतो हे माझंही; बाबांचा कोणता, ते ठरलंच नाही. मायलाच विचारू म्हणून आम्ही दादाच्या मोटारसायकलवरून गावाकडे निघालो.

माय अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. दादानं पाणीसुद्धा न पिता विचारलं, "माय, बाबाचा ट्रॅक्टर डिझेलचा होता ना?"

"पेट्रोलचा होता ना?" मी म्हटलं.

मायनं सूप खाली ठेवलं. "चालू कराले पेट्रोल लागे. गरम झाला का मातीतेलावर चाले."

मातीतेल म्हणजे रॉकेल. म्हणजे डिझेलही नाही आणि नुसतं पेट्रोलही नाही.

"तुले कसं माहीत?" दादा म्हणाला.

"त्याहिचे कपडे कोण धुवत होतं? तुमी?"

दादा ओट्यावर बसला. मग त्याच्या कानातला तो दणदणाट कशाचा होता? तो म्हणाला, "धानाच्या गिरणीचं इंजिन असंन." पण त्याची खात्री नव्हती. माझा वास निदान सकाळी सुरू करण्यापुरता तरी खरा निघाला होता, तरी मला बरं वाटेना. भिंतीवर बाबांचा फोटो होता, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या बाजूला. मला बाबांचा चेहरा आठवतो असं मी इतकी वर्षं समजत होते. तो चेहरा मला आठवत होता की फोटोच आठवत होता, हे त्या दुपारी मला सांगता येईना.

रॉकेल तर आता रेशनवरही मिळत नाही. मी म्हटलं, "दादा, डिझेलचा घे. रोवण्याआधी बांधीत चिखल कराले, चिखलणीत, तोच कामाचा."

"नाई, तुयावाला घेऊ. पेट्रोलचा. बाबाच्या जवळचा तोच हाये."

आणि आम्ही पुन्हा भांडू लागलो. आता तो पेट्रोलच्या बाजूनं आणि मी डिझेलच्या. शेवटी माय वैतागली. "तुमाले ट्रॅक्टर पाहिजे का तुमचा बाप पाहिजे? बाप काई आरामशीनवर भेटत नाई. धान कराचा हाये ना, मंग धानाच्या कामाचा आणा."

डिझेलचा आला. दादा दिवसभर त्याच्याखाली पालथा पडलेला असतो, वहिनी जेवायला हाका मारते. पाइपात हवा अडकली की तो एक नट ढिला करतो, बुडबुडे जाऊन नुसतं तेल येईपर्यंत थांबतो, पुन्हा आवळतो. हे काम मात्र मलाही छान जमतं. सलाइनच्या नळीतली हवा मी रोजच काढते. तरी रस्त्यानं भद्रावतीवरून जाताना माझी मान शेडकडे वळतेच. चुकलं का आपलं, कळत नाही.

पहिल्या चिखलणीला लोखंडी चाकं लावून ट्रॅक्टर पाणी भरलेल्या धानाच्या बांधीत उतरला. दोन फेऱ्या मारून दादा खाली उतरला आणि मला म्हणाला, "आता तू." मी साडी खोचून चढले. चिखल, धूर, दणका. स्टिअरिंग हातात मावत नव्हतं. माय शेताच्या कडेला धुऱ्यावर उभी होती, पदर नाकाला लावून. दादा चिखलातून हात वर करून काहीतरी ओरडत होता. थांब म्हणत होता की चालव, मला काहीच ऐकू आलं नाही. मी चालवत राहिले.